एक्सेन्ट्रिक म्हणजे विक्षिप्तच का?

'एक्सेन्ट्रिक'ला मराठीत सर्रास 'विक्षिप्त' म्हटलं जातं. शब्दकोशांतही तोच प्रतिशब्द सापडतो. मला तो पटत नाही आणि त्याचं कारण शब्दाच्या जन्मातच आहे.

ग्रीकमध्ये 'एक्' म्हणजे बाहेर आणि 'केंट्रॉन' म्हणजे अणकुचीदार टोक. बैल हाकायच्या पराणीलाही हाच शब्द. पुढे कंपासचं जे टोक कागदात रुततं ते केंट्रॉन, आणि त्यावरून वर्तुळाचा मध्य. आपलं 'केंद्र' याच शब्दापासून आलेलं आहे. ज्योतिषाबरोबर तो संस्कृतात आला. वराहमिहिराच्या 'बृहज्जातका'त केंद्र, पणफर, आपोक्लिम हे कुंडलीतल्या स्थानांसाठीचे तिन्ही ग्रीक शब्द आहेत. म्हणजे गणितातला आपला 'उत्केंद्र' (मध्य सोडून असलेला) हा एक्सेन्ट्रिकचा सख्खा भाऊच म्हणायचा.

मूळ शब्द माणसांसाठी नव्हताच, तो खगोलशास्त्रातला. ग्रीक खगोलशास्त्रज्ञ हिपार्कसच्या मोजणीत वसंत ऋतू साडेचौऱ्याण्णव दिवसांचा आणि उन्हाळा साडेब्याण्णव दिवसांचा भरला. सूर्य पृथ्वीभोवती एकाच गतीने फिरतो असं धरलं, तर हा फरक का पडावा? उत्तर असं निघालं की सूर्याचं वर्तुळ बिनचूक आहे, गतीही एकसारखी आहे, फक्त त्या वर्तुळाचा मध्य पृथ्वीवर नाही, थोडा बाजूला आहे. टॉलेमी या खगोलशास्त्रज्ञाने इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात हीच मांडणी स्वीकारली. असं वर्तुळ ते एक्सेन्ट्रिक. इंग्रजीत 'चारचौघांपेक्षा वेगळा' हा अर्थ त्याला सतराव्या शतकात चिकटला.

वाफेच्या इंजिनातही एक्सेन्ट्रिक असतो. आसावर मुद्दाम मध्य सोडून बसवलेली ती तबकडी. आस फिरला की ती झडपेचा दांडा पुढे-मागे सरकवते. तिचा मध्य आसावर आणला तर झडप हलणारच नाही!

आता 'विक्षिप्त' बघा. योगसूत्रांवरच्या व्यासभाष्यात चित्ताच्या पाच भूमी, म्हणजे अवस्था, दिल्या आहेत : क्षिप्त, मूढ, विक्षिप्त, एकाग्र, निरुद्ध. विक्षिप्त म्हणजे मध्येच स्थिरावून पुन्हा विखुरणारं चित्त. एक्सेन्ट्रिक माणूस विखुरलेला नसतो. उलट स्वतःच्या नेमाला तो फार घट्ट असतो, त्याचा मध्य तेवढा आपल्या मध्याशी जुळत नाही.

म्हणून माणसासाठी मी 'तऱ्हेवाईक' वापरीन. त्यात 'तऱ्हा' शाबूत राहते. घर, पोशाख, नाटक यांना 'चाकोरीबाहेरचं' शोभतं. 'चक्रम' मात्र नको, त्यात सरळ हेटाळणी आहे. आणि एखाद्याचं मन खरोखरच कशावर ठरत नसेल, तर तिथे खुशाल 'विक्षिप्त' लिहावं.