टँकरच्या दिवसांत वजू: किती पाणी पुरतं, तयम्मुम कधी?

प्रश्न – मांजराकाठ (लातूर जिल्हा)

सलाम आणि नमस्कार. एप्रिल उजाडला की आमच्या मशिदीचं बोअर आटतं, मग दिवसाआड टँकर. वजूखान्याला (नमाजेआधी हात-तोंड-पाय धुण्याची, म्हणजे वजूची जागा) सहा नळ आहेत, जुम्याला (शुक्रवारच्या नमाजेला) टाकी अर्ध्या तासात रिकामी. काही जण म्हणतात, दुष्काळ आहे, सरळ तयम्मुम (पाण्याऐवजी मातीने करायची शुद्धी) करा. काही म्हणतात, तसं चालत नाही. हनफी मसलकाप्रमाणे (आमच्या धर्मनियमांच्या परंपरेप्रमाणे) नेमकं काय? आणि वजूला कमीत कमी पाणी किती लागतं? मोजून सांगितलं तर कमिटीपुढे ठेवता येईल.

उत्तर १ – काळीमाती

वालेकुम सलाम. आधी पाण्याचं बघू, कारण निम्मा प्रश्न तिथंच सुटतो.

पैगंबर साहेब एका मुद्द पाण्यात वजू आणि एका सा पाण्यात गुस्ल (पूर्ण अंघोळ) करायचे (मुद्द आणि सा ही जुनी अरबी मापं), ही हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत आहे. चार मुद्द म्हणजे एक सा. हिजाजच्या (मक्का-मदिनेकडच्या) मापाने मुद्द पाऊण लिटरच्या आत बसतो, हनफी मापाने साधारण एक लिटर. म्हणजे पाण्याच्या एका बाटलीत पूर्ण सुन्नत (पैगंबरांच्या रीतीची) वजू होते.

फर्ज (सक्तीच्या गोष्टी) चारच: चेहरा धुणं, कोपरांसकट हात धुणं, डोक्याच्या चौथ्या भागाचा मसह (ओला हात फिरवणं), घोट्यांसकट पाय धुणं. फर्ज एकेकदा धुण्यानेच उतरतं, तीनदा धुणं सुन्नत, तीनच्या वर मकरूह (नापसंत). लोट्यात एक लिटर घेतलं तर वाटणी अशी बसते: मनगटापर्यंत हात १०० मिली, गुळणी १००, नाक ८०, चेहरा १५०, दोन्ही हात २२०, डोकं-कान २०, पाय ३३०. डोक्याला पाणी ओतायचं नसतंच, ओला हात फिरवायचा. कानांना त्याच हाताची ओल पुरते.

पाणी जातं ते धुण्यात नाही, नळ चालू ठेवून बाही वर सारण्यात, मिस्वाक (दातण) करण्यात आणि शेजाऱ्याशी बोलण्यात. एक बादली नळाखाली ठेवा, दोन मिनिटांत किती भरते ते कमिटीला दाखवा. वाद मिटेल.

कमी पाण्यात चूक होते ती टाचेत. भेगा पडलेल्या टाचा, घोट्याची मागची बाजू, बोटांच्या फटी आणि कोपराचं टोक कोरडं राहतं. हदीसमधला इशारा कोरड्या टाचांबद्दलच आहे. म्हणून पाय धुताना डाव्या करंगळीने बोटांच्या फटींत खिलाल करा (बोट घालून फिरवा) आणि टाच हाताने चोळा. ऑइलपेंट, नेलपॉलिश, वाळलेली कणीक अंगावर असेल तर पाणी आत पोचत नाही, आधी काढा. मेंदीचा नुसता रंग अडवत नाही.

उत्तर २ – बालाघाट

वरचं सगळं बरोबर. आता तयम्मुम.

टँकर दिवसाआड येतो एवढ्यावर तयम्मुम होत नाही. पाणी एक शरई मैलाच्या, म्हणजे साधारण १.८ किमीच्या आत नसणं, पाण्याने आजार वाढायचा किंवा लांबायचा खरा धोका असणं, वाटेत जिवाची भीती असणं, किंवा असलेलं पाणी पिण्यासाठीच लागणं, अशी कारणं लागतात. पिणारा म्हणजे फक्त तुम्ही नाही, सोबतचा माणूस आणि दावणीचं जनावरही. फिकहच्या (धर्मनियमांच्या) जुन्या किताबांत तर कणीक मळायचं पाणी गरजेत धरलंय, रश्शाचं नाही! पाणी विकत मिळतंय आणि चालू भावाने परवडतंय तर घ्यायचं. दुप्पट भाव सांगितला तर सक्ती नाही. नमाजेचा वक्त संपायच्या आत टँकर येईल अशी खात्री असेल तर थांबणं बेहतर.

जुम्याला वजूखान्यात रांग आहे म्हणून तयम्मुम करू नका. जुमा हुकला तर त्याच्या जागी जुहर (रोजची दुपारची नमाज) आहे. ईदची किंवा जनाजाची (अंत्यविधीची) नमाज हुकणार असेल तर मात्र सवलत आहे, कारण तिला बदल नाही.

पद्धत: आधी नीयत, म्हणजे मनातला इरादा (वजूत ती सुन्नत, इथे फर्ज). दोन्ही तळवे पाक (शुद्ध) मातीवर मारा, झटका, पूर्ण चेहऱ्यावर फिरवा. पुन्हा मारा, झटका, डाव्या हाताने उजवा हात बोटांपासून कोपरासकट, मग उलट. अंगठी काढा किंवा हलवा, बोटांत खिलाल करा. डोकं आणि पाय यात नाहीत. चिखल फासायचा नसतो, बऱ्याच जणांचा तिथेच घोटाळा होतो.

आपल्याकडची काळी माती, मुरूम, बेसाल्टचा दगड, भाजलेली वीट, चुन्याची भिंत, सगळं चालतं. दगडावर धूळ नसली तरी हनफींत चालतं. कोकणातल्या शाफई (दुसऱ्या मसलकाच्या) मंडळींकडे धूळ हवीच. लाकूड, लोखंड, कापड, राख, ऑइलपेंटची भिंत, चकचकीत टाइल यांवर नाही, पण त्यांच्यावर पाक धूळ बसलेली असेल तर होतं. एकच ढेकूळ दहा जणांनी वापरलं तरी हरकत नाही.

पाणी वापरण्याजोगं मिळालं की तयम्मुम तुटतं. नमाज झाल्यावर मिळालं तर ती नमाज परत पढायची गरज नाही. नमाज चालू असताना मिळालं तर वजू करून नव्याने.

उपप्रश्न – गोदाकाठ

मी मुस्लिम नाही, पण गावच्या पाण्याच्या कामात आहे. दोन विचारायचंय. वजूचं वापरलेलं पाणी झाडांना किंवा शोषखड्ड्यात सोडलं तर कुणाला वाईट वाटेल का? आणि मशिदीच्या आडात उंदीर मेला तर नुसती टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकून भागेल का?

उत्तर ३ – काळीमाती

दादा, अजिबात वाईट वाटणार नाही. वापरलेलं पाणी स्वतः पाकच असतं, फक्त त्याने पुन्हा वजू किंवा गुस्ल होत नाही. झाडं, शोषखड्डा, संडासात ओतायला, सगळ्याला चालतं. वजूखान्याचा पाट नाल्यात न सोडता लिंबाच्या बुंध्याशी वळवला तर उलट चांगलंच. फक्त झाडाकडे नेताना संडासाच्या पाइपातलं पाणी त्यात मिसळू देऊ नका.

आडाचं जरा लांबण आहे. हनफी हिशेब असा: उंदीर-चिमणीएवढं मेलं तर आधी ते बाहेर काढायचं, मग २० ते ३० डोल पाणी उपसायचं. कबुतर, कोंबडी, मांजर असेल तर ४० ते ६०. कुत्रा, शेळी किंवा माणूस, किंवा कोणतंही फुगून फुटलेलं असेल तर सगळं पाणी. जीव आत असताना उपसलेलं धरत नाहीत, ही चूक नेहमी होते.

ही सवलत आडापुरती. छतावरच्या प्लॅस्टिकच्या टाकीत उंदीर मेला तर टाकी पूर्ण रिकामी करून धुवायची.

शेतातल्या मोठ्या विहिरीचं मात्र वेगळं. दह-दर-दह, म्हणजे १० बाय १० हात, साधारण २२५ चौरस फूट पृष्ठभाग असेल तर ते मोठं पाणी. गोल विहिरीचा व्यास १७ फुटांच्या थोडा वर असला की ती यात बसते. तिथे रंग, वास किंवा चव बदलल्याशिवाय पाणी नापाक होत नाही. जुन्या मशिदींचे हौज एवढे ऐसपैस असण्याचं हेच कारण.

टीसीएल जंतू मारते, डोलांचा हिशेब फेडत नाही. आणि तीस डोल उपसले म्हणून पाणी पिण्याजोगं झालं असंही नाही. दोन्ही करा: आधी उपसा, मग पावडर.

मांजराकाठ

आडात फुगलेला उंदीर सापडला आणि तो कधी पडला ते माहीत नाही, तर आधीच्या नमाजांचं काय?

बालाघाट

इमाम अबू हनीफांच्या मते फुगलेला असेल तर तीन दिवस-तीन रात्रींच्या, फुगलेला नसेल तर एक दिवस-एक रात्रीच्या नमाजा परत, त्या पाण्याने वजू केली असेल तर. त्यांचे दोन शागिर्द, अबू युसूफ आणि मुहम्मद, म्हणतात की सापडला तेव्हापासूनच पाणी नापाक धरा. तुमच्याकडे कशावर अमल आहे ते गावच्या मुफ्तींना विचारा, आणि आडावर जाळी बसवा.