गणपतराव देशमुखांचे अकरा विजय : नेमका हिशेब काय?

वाचनकट्टा :
नमस्कार. आमच्या वाचनालयात महाराष्ट्र विधानसभेच्या इतिहासावर विद्यार्थ्यांसाठी भित्तिफलक तयार होत आहेत आणि त्यांतील एक फलक सांगोल्याचे दिवंगत आमदार गणपतराव देशमुख यांच्यावर आहे. मजकूर लिहायला बसले, तेव्हा जमवलेल्या कात्रणांत तीन विधाने पुनःपुन्हा आढळली : ते सांगोल्यातून सलग अकरा वेळा निवडून आले, ते चोपन्न-पंचावन्न वर्षे आमदार होते आणि हा देशातील विक्रम आहे. परंतु १९९५ मध्ये त्यांचा पराभव झाला होता, हे माझ्या वडिलांना पक्के आठवते. तसे असेल तर ‘सलग’ हा शब्द कसा बसणार? शिवाय विधानसभेच्या सार्वत्रिक निवडणुकांचे निकाल एकेक करून तपासले, तर मला त्यांचे विजय दहाच सापडतात. अकरावा विजय कोणता? फलकावर एकदा रंगवलेले अक्षर मुले वर्षानुवर्षे वाचतात आणि वहीत उतरवून घेतात, म्हणून चुकीचे काही लिहायचे नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

निकालपत्र :
आपल्या वडिलांची आठवण बरोबर आहे आणि आपली मोजणीही बरोबर आहे. अकरावा विजय पोटनिवडणुकीतला आहे. सार्वत्रिक निवडणुकीच्या निकालात पोटनिवडणूक येत नाही, त्यामुळे केवळ तेवढेच चाळणाऱ्याच्या हाती दहा विजय लागतात.

क्रमाने सांगतो. शेतकरी कामगार पक्षाचे उमेदवार म्हणून ते १९६२ मध्ये सांगोल्यातून पहिल्यांदा विधानसभेत गेले आणि १९६७ मध्ये पुन्हा निवडून आले. १९७२ मध्ये मात्र ते पडले. बांगलादेश युद्धानंतरची ती निवडणूक होती. इंदिरा गांधींच्या लाटेत काँग्रेसने २७० पैकी २२२ जागा जिंकल्या आणि शेकापचे अवघे सात आमदार उरले, त्यामुळे सांगोल्याची जागाही गेली यात नवल नव्हते. विजयी झालेल्या काँग्रेस आमदारांचे मुदतीतच निधन झाले आणि १९७४ च्या पोटनिवडणुकीत गणपतरावांनी जागा परत घेतली. आपल्याला न सापडलेला विजय हाच. पुढे १९७८, १९८०, १९८५ आणि १९९० असे चार विजय झाले. १९९५ मध्ये काँग्रेसच्या शहाजीबापू पाटील यांनी त्यांना १९२ मतांनी हरवले. १९९९ मध्ये ते परतले आणि २००४, २००९ व २०१४ धरून एकूण चार वेळा निवडून आले. म्हणजे १९६२ ते २०१४ या काळात तेरा लढती, अकरा विजय, दोन पराभव. ‘सलग’ हा शब्द फलकावर मुळीच लिहू नका.

आता वर्षांचा हिशेब. १९६२ ते १९७२ ही दहा वर्षे, १९७४ ते १९९५ ही एकवीस आणि १९९९ ते २०१९ ही वीस. बेरीज एक्कावन्न होते. त्यातही फेब्रुवारी १९८० मध्ये विधानसभा बरखास्त झाल्यावर नवी निवडणूक होईपर्यंतचे काही महिने राज्यात विधानसभेचे कोणीच आमदार नव्हते. ‘पंचावन्न वर्षे’ हा आकडा अकराला पाचाने गुणून आला असावा, असे मला वाटते. पण सगळ्याच विधानसभा पाच वर्षांच्या नव्हत्या. १९७२ ची विधानसभा आणीबाणीमुळे लांबून १९७८ पर्यंत चालली, तर १९७८ ची दोन वर्षांतच संपली. ‘पन्नास वर्षांहून अधिक’ असे लिहिल्यास कोणी बोट ठेवू शकणार नाही.

देशातील विक्रमाचे विधानही टिकत नाही. तमिळनाडूत एम. करुणानिधी १९५७ ते २०१६ या काळात तेरा वेळा निवडून आले, अर्थात वेगवेगळ्या मतदारसंघांतून. केरळात के. एम. माणी यांनी एकट्या पाला मतदारसंघातून तेरा निवडणुका जिंकल्या. त्यांतील १९६५ च्या पहिल्या विजयानंतर कोणालाच बहुमत न मिळाल्याने ती विधानसभा भरलीच नाही, हा भाग वेगळा. ओमन चंडी पुथुपल्लीतून १९७० ते २०२१ पर्यंत बारा वेळा, आणि तेही खरोखर सलग, निवडून आले. महाराष्ट्रात मात्र अकरा विजयांच्या पुढे कोणी गेलेले नाही.

माणकाठ :
मी सांगोला तालुक्यातला आहे. वरील हिशेबात दुरुस्ती करण्यासारखे काही नाही. फक्त १९२ हा आकडा फलकावर ठळक अक्षरांत यावा, अशी विनंती करतो. आमच्याकडे आजही त्या निकालाविषयी बोलणे निघते. १९२ मतांचा फरक म्हणजे ९७ माणसांनी आपला शिक्का दुसऱ्या चिन्हावर मारला असता, तर निकाल फिरला असता. एका मोठ्या वाडीवर तेवढे मतदार असतात. त्या वर्षी राज्यात काँग्रेसची सत्ता गेली आणि शिवसेना-भाजप युतीचे सरकार आले. सांगोल्याने मात्र त्याच वेळी काँग्रेसचा आमदार दिला. आमच्या तालुक्याचे राजकारण राज्याच्या वाऱ्यावर चालत नाही, हे मुलांना समजावून सांगायला याहून चांगले उदाहरण मिळणार नाही.

आबासाहेब, म्हणजे आमचे गणपतराव, का निवडून येत, याचे उत्तर पाण्याशी जोडलेले आहे. सांगोला हा माण नदीच्या खोऱ्यातला अवर्षणप्रवण तालुका आणि माण वर्षातील बराच काळ कोरडीच असते. १९९३ मध्ये नागनाथअण्णा नायकवडी यांच्या पुढाकाराने आटपाडीत तेरा दुष्काळी तालुक्यांची पाणी परिषद भरू लागली, तेव्हा आबासाहेब त्या चळवळीच्या अग्रभागी होते. कृष्णेचे पाणी कराड तालुक्यातील टेंभू येथून पाच टप्प्यांत उचलून दुष्काळी पट्ट्यात आणायचे, ही गोष्ट एकेकाळी सभेतल्या भाषणापुरतीच वाटत असे. परिषदेला जाताना लोक घरची भाकरी बांधून नेत. टेंभूचे पाणी शिवारात आलेले प्रत्यक्ष पाहिले तेव्हा माझे चुलते कालव्याच्या कडेला चपला काढून उभे राहिले होते. ते आबासाहेबांचे मतदारही नव्हते.

दुसरी गोष्ट सूतगिरणीची. ज्या तालुक्यात कापूस पिकत नाही, तिथे त्यांनी शेतकऱ्यांची सहकारी सूतगिरणी उभी केली. कापूस बाहेरून आणायचा आणि सूत काढून विकायचे. सहकारातल्या कितीतरी गिरण्या कर्जाखाली बंद पडलेल्या आपण पाहिल्या आहेत. त्या काळात आमच्या गावातली पोरे पाळी बदलायच्या वेळेला सायकली काढून गिरणीकडे निघत आणि महिन्याच्या महिन्याला पगार घरी आणत. दुष्काळी घरात ठरलेल्या तारखेला येणाऱ्या पगाराची किंमत काय असते, हे ज्याने ते दिवस काढले त्यालाच कळते. डाळिंबाने पुढे तालुक्याचे अर्थकारण बदलले हे खरे. पण ती बाग यायच्या आधी गिरणी होती.

एसटीतून प्रवास करणारा आमदार, ही त्यांची ओळख राज्यभर आहे आणि ती खरीही आहे. एसटीत आमदारांसाठी आसन राखीव असते. त्यावर प्रत्यक्ष आमदार बसलेला आमच्या पिढीने त्यांच्या रूपानेच पाहिला. तरीही फलकावर केवळ साधेपणाचे वर्णन करू नये, असे मला मनापासून वाटते. साधी माणसे आमच्या तालुक्यात पुष्कळ होती. आबासाहेब वकील होते, कायदा वाचून सभागृहात उभे राहत आणि दुष्काळ, रोजगार हमी व पाणीवाटपावर मुद्देसूद बोलत. लोकांनी त्यांना त्यासाठी पाठवले होते.

विरोधी_बाक :
वरील दोन्ही उत्तरे चांगली आहेत. तथापि एक बाजू राहून गेली आहे आणि फलक विद्यार्थ्यांसाठी असल्यामुळे ती यावी असे वाटते. गणपतरावांची निवडणूक कारकीर्द त्यांच्या पक्षाच्या आकड्यांशेजारी ठेवून पाहा. १९६२ मध्ये ते प्रथम निवडून आले तेव्हा शेकापचे पंधरा आमदार होते, १९६७ मध्ये एकोणीस झाले. १९७८ मध्ये तेरा, १९९० मध्ये आठ, १९९९ मध्ये पाच, २००४ मध्ये दोन आणि २०१४ मध्ये तीन. पक्षाला ओहोटी लागलेली असताना सांगोल्याची जागा मात्र टिकून राहिली. मतदार शेकापच्या लाल बावट्याला मत देत होते की आबासाहेबांना, हा प्रश्न त्यामुळे टाळता येत नाही. माझ्या मते १९८० च्या दशकापर्यंत दोन्ही गोष्टी एकच होत्या आणि १९९९ पासून ते मत प्रामुख्याने व्यक्तीला पडले.

याचा अर्थ त्यांनी पक्षाचा उपयोग करून घेतला, असा कोणी काढू नये. काँग्रेसची सत्ता जिल्हा परिषदेपासून साखर कारखान्यापर्यंत पसरलेली असताना सोलापूर जिल्ह्यातल्या विरोधी आमदाराला पक्ष बदलण्याचे मोह किती असतील, याची कल्पना करावी. ते एकदाही हलले नाहीत. दोनदा मंत्री झाले, १९७८ मध्ये शरद पवारांच्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारात आणि १९९९ मध्ये विलासराव देशमुखांच्या आघाडी सरकारात. दोन्ही वेळा आपल्याच पक्षाचे प्रतिनिधी म्हणून. दुसऱ्या वेळी पणन आणि रोजगार हमी ही खाती त्यांच्याकडे होती. अर्धशतकाहून मोठ्या कारकिर्दीत सत्तेची वर्षे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत, बाकी सगळी विरोधी बाकांवर गेली. विरोधात बसूनही मतदारसंघासाठी काम करून घेता येते, ही गोष्ट आजच्या काळात सांगितली तर मुलांना खरी वाटत नाही. फलकावर विजयांच्या संख्येइतकीच ही गोष्ट मोठी लिहावी, असा माझा आग्रह आहे.

निकालपत्र :
विरोधी_बाक यांचा ‘मत व्यक्तीला पडले’ हा निष्कर्ष मला पूर्ण पटत नाही, म्हणून पुढचे दोन निकाल नोंदवतो. २०१९ मध्ये नव्वदी ओलांडलेले गणपतराव स्वतः उभे राहिले नाहीत. त्यांचे नातू डॉ. अनिकेत देशमुख शेकापतर्फे लढले आणि या वेळी शिवसेनेचे उमेदवार असलेले शहाजीबापू पाटीलच ७६८ मतांनी विजयी झाले. त्या वर्षी शेकापला राज्यात मिळालेली एकमेव जागा नांदेड जिल्ह्यातील लोहा ही होती. गणपतरावांचे ३० जुलै २०२१ रोजी निधन झाले. २०२४ मध्ये त्यांचे दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख उभे राहिले. समोर शिवसेनेचे शहाजीबापू पाटील होतेच, शिवाय मित्रपक्ष असूनही उद्धव ठाकरे यांच्या शिवसेनेने दीपक साळुंखे यांना उमेदवारी दिली. विरोधी मते अशी दुभंगूनही शेकापने ती जागा सुमारे पंचवीस हजार मतांनी परत घेतली आणि राज्यात शेकापची तेवढी एकच जागा आली. आबासाहेब हयात नसताना मिळालेली ही मते केवळ व्यक्तीची म्हणता येणार नाहीत. गावोगावची संघटना तिथे शिल्लक आहे.

विरोधी_बाक :
संघटना आहे हे मान्य करतो. मात्र उमेदवार दोन्ही वेळा त्याच घरातला द्यावा लागला, हेही त्या संघटनेविषयी काही सांगते. मी माझे विधान सौम्य करतो, मागे घेत नाही.

वाचनकट्टा :
सर्वांचे मनःपूर्वक आभार. वडिलांना ही उत्तरे वाचून दाखवली. १९९५ आठवणीत असताना १९७२ कसे विसरलो, याची त्यांना फार चुटपुट लागली. फलकाचा मजकूर आता असा केला आहे : ‘गणपतराव देशमुख, शेतकरी कामगार पक्ष. सांगोला मतदारसंघातून १९६२ ते २०१४ या काळात तेरा निवडणुका लढवल्या; १९७४ च्या पोटनिवडणुकीसह अकरा जिंकल्या, १९७२ आणि १९९५ मध्ये पराभव. महाराष्ट्र विधानसभेवर सर्वाधिक वेळा निवडून आलेले सदस्य. पन्नास वर्षांहून अधिक काळ आमदार, बहुतांश काळ विरोधी बाकांवर.’ त्याखाली पाणी परिषद आणि सूतगिरणी यांवर चार-चार ओळी आणि उजव्या कोपऱ्यात मोठ्या अक्षरांत १९२ हा आकडा. तो काय आहे, ते मुलांनी येऊन विचारावे म्हणून त्याच्याखाली काही लिहिलेले नाही.

माणकाठ :
मजकूर उत्तम झाला आहे. ‘मतदारसंघ’ या शब्दाआधी ‘सोलापूर जिल्ह्यातील’ एवढे जोडावे, बाहेरच्या मुलांना सांगोला कुठे आहे ते कळेल.