शब्दचर्चा : एकाच लेकराले ‘स्वमग्न’, ‘मतिमंद’, ‘लेव्हल 2’ अन् ‘सौम्य’ कायले?

प्रश्न – कास्तकार, दारव्हा तालुका

पोरगं सहा वर्षांचं हाय, पहिलीत. त्याच्या नावाचे तीन कागद घरात हायेत अन् तिन्हीवर वेगवेगळं लिहेल हाय. नागपूरच्या डॉक्टरच्या फाइलीत ‘एएसडी, लेव्हल 2’. जिल्ह्याच्या दवाखान्यातून आणलेल्या प्रमाणपत्रावर ‘स्वमग्नता, सौम्य, 50 टक्के’. शाळेच्या रजिस्टरात ‘मतिमंद’. वरतून पुण्याले मावसभाऊ राह्यते, त्याच्या पोराले 2009 मध्ये ‘अ‍ॅस्पर्जर’ सांगतलं होतं. तो म्हणते हे तेच हाय. हेडमास्तर म्हणते, सौम्य हाय तं दोनेक वर्षांत निघून जाईन. मायचं वेगळंच, वेखंड उगाळून जिभेले लावा, याचा बापही उशिराच बोलला होता. (तो बाप मीच.) मले एवढंच सांगा, हे चार आजार हायेत का एक? अन् खरा कागद कोणता?

उत्तर – विशेष शिक्षिका, यवतमाळ जिल्हा

भाऊ, आजार चार नाहीत. एएसडी म्हणजे ऑटिझम स्पेक्ट्रम डिसऑर्डर, आणि स्वमग्नता हे त्याचंच मराठी नाव. डॉक्टरांचा कागद आणि प्रमाणपत्र दोन्ही खरे आहेत, भांडण नाही त्यांचं. शाळेच्या नोंदीबद्दल मला शंका आहे, ते पुढे सांगते.

‘लेव्हल’ हा शब्द अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या डीएसएम या ग्रंथाच्या पाचव्या आवृत्तीत आला, 2013 मध्ये. लेव्हल 1 म्हणजे आधार लागतो, 2 म्हणजे भरीव आधार लागतो, 3 म्हणजे फारच भरीव. आणि ती खरं तर दोनदा ठरवायची असते: लोकांशी देवाणघेवाण किती जमते याची एक, आणि तेच ते करत राहणं, बदल न खपणं याची दुसरी. एकात 2 आणि दुसऱ्यात 1 असं असू शकतं. आपल्याकडे फाइलीत एकच आकडा टाकून मोकळे होतात. पुढच्या वेळी विचारा, हा 2 कशाचा आहे?

प्रमाणपत्रावरचं ‘सौम्य’ येतं आयएसएए नावाच्या मापनश्रेणीतून. सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने बनवलेली ही आपली भारतीय श्रेणी. चाळीस मुद्दे, प्रत्येकाला 1 ते 5 गुण, म्हणून बेरीज 40 ते 200. सत्तरच्या खाली ऑटिझम धरत नाहीत. 70 ते 106 सौम्य, 107 ते 153 मध्यम, त्यापुढे तीव्र. बेरजेवरून तक्त्यात टक्के पाहतात. तुमचे 50 टक्के म्हणजे बेरीज 71 ते 88 मध्ये कुठेतरी. ही टक्केवारी सवलतीसाठी आहे. 40 टक्के किंवा त्यावर असेल तर बहुतेक योजनांचं दार उघडतं. लेकराची बुद्धी किंवा समज निम्मी आहे असं ते सांगत नाही. ‘सौम्य’ हे त्या तक्त्यातल्या एका खान्याचं नाव. सौम्य ताप उतरतो म्हणून सौम्य ऑटिझमही उतरेल, हा हेडमास्तरांचा हिशेब झाला, डॉक्टरांचा नाही. पोरगं शिकेल, बोलेल, बरंच काही बदलेल. पण ते शब्दामुळे नाही.

आता ‘मतिमंद’. 1995 च्या अपंग कायद्यात सातच प्रकार होते आणि त्यात ऑटिझम नव्हताच. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात तो आला, आणि 2016 च्या कायद्याने 21 प्रकारांत स्वतंत्र घेतला. मधली बरीच वर्षं अशा लेकरांच्या हाती सवलतीचा कागद पडायचा तो ‘मतिमंद’ म्हणूनच. जुन्या हाताला तीच सवय राहिली. कायद्याच्या भाषेत आता त्याला बौद्धिक अक्षमता म्हणतात, आणि ती वेगळी गोष्ट आहे. काही मुलांना दोन्ही असतं, पुष्कळांना नसतं. बुद्धीची चाचणी आणि जेवण, कपडे, व्यवहार यांतलं रोजचं जमणं, दोन्ही पाहिल्याशिवाय तो शब्द कोणीच लिहू नये. तुमच्या पोराची चाचणी झाली आहे का?

आरोग्यसेविका, वाशीम जिल्हा

मधेच बोलते. ‘एएसडी’ ही अक्षरं जपून वाचा. अंगणवाडीत तपासणीचं पथक येतं तेव्हा हृदयाच्या पडद्याला छिद्र असलेल्या लेकरांच्या कागदावरही हीच तीन अक्षरं असतात. आमच्या इकडे एका आजीने नातवाचा कागद कुणाकडून तरी वाचून घेतला आणि ‘हृदयाले भोक हाय’ म्हणून घरभर रडारड. लेकरू ठणठणीत, फक्त हाक मारली की पाहत नव्हतं. तेव्हापासून मी कागदावर मराठीत पूर्ण लिहून देते.

प्रश्नकर्ता

चाचणी नाही झाली ताई. कानाची झाली, कान बरोबर हाय. मावसभावाचं काय मंग? त्याचं पोरगं तं लहानपणी फाडफाड बोले. आमचा बोलते, पण पोपटावानी. त्याले पाणी पायजे असलं तं तोच म्हणते, ‘तुले पाणी पायजे?’ तान्ह्या पोळ्याले लाकडाचा बैल घेऊन देल्ला. सारे पोट्टे दोरी धरून वढत चालले, हा बैल पालथा पाडून चाकच फिरवत बसला, गाल जमिनीले टेकवून. अर्धा घंटा. अन् कार्टूनची हिंदी मात्र तोंडपाठ. एक डॉक्टर म्हणे हा ‘व्हर्च्युअल ऑटिझम’ हाय, मोबाईल बंद करा.

विशेष शिक्षिका

मावसभाऊ अर्धे बरोबर आहेत. अ‍ॅस्पर्जर हे नाव डीएसएममध्ये 1994 ला आलं आणि 2013 ला गेलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीतही, 2022 पासून लागू झालेल्या अकराव्या आवृत्तीत, ते वेगळं नाही. तेव्हाची मुख्य अट होती बोलणं वेळेवर यायची: दोन वर्षांपर्यंत शब्द, तीनपर्यंत छोटी वाक्यं, आणि बुद्धीत मागे नाही. त्यांचा मुलगा त्यात बसला. तुमचा 2009 मध्ये त्या नावात बसलाच नसता. आज दोघांच्या कागदावर एकच नाव येईल. पण म्हणून त्यांच्या मुलाला जे लागू पडलं ते तुमच्याला पडेलच असं नाही. नाव एक झालं, लेकरं दोनच राहिली.

‘तुले पाणी पायजे?’ हे नीट ऐका. तो प्रश्न विचारत नाही, तो मागतो आहे. पाणी मिळायच्या आधी तुम्ही जे वाक्य बोलता ते त्याने अख्खं उचललं. याला इकोलालिया म्हणतात, आणि हे बोलणंच आहे, वाया गेलेलं नाही. पाणी देताना त्याच्या तोंडचं वाक्य तुम्ही म्हणा: ‘मले पाणी पायजे.’ हो, ‘मले’च. ‘मला’ म्हणायला शिकवू नका, घरात तसं कोणी बोलत नाही. वेखंडाने जीभ हलकी होत नसते. त्याची जीभ जड नाहीच, नाहीतर कार्टूनची हिंदी कशी आली असती?

‘व्हर्च्युअल ऑटिझम’ मात्र खोडून टाका. डीएसएममध्ये नाही, आरोग्य संघटनेच्या यादीत नाही. फार मोबाईल पाहणं वाईटच, कमी करा, लेकराशी बोलायला वेळ मिळतो. पण या शब्दाने दोन गोष्टी होतात: मायबापाच्या माथी दोष, आणि ‘मोबाईल बंद केला, आता बघू’ म्हणत शिकवण्याचं एक वर्ष वाया. मला हा शब्द ऐकला की राग येतो, खोटं कशाला सांगू.

निवृत्त मराठीचे प्राध्यापक, अमरावती

‘स्वमग्न’बद्दल दोन शब्द. मूळ ऑटिझम हा शब्द स्विस मनोविकारतज्ज्ञ ब्लॉयलर यांनी 1911 च्या सुमारास स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांसाठी वापरला, जगाकडे पाठ फिरवून आत वळणं या अर्थी. ग्रीक ‘ऑटोस’ म्हणजे स्वतः. 1943 मध्ये लिओ कॅनर यांनी अकरा मुलांचं वर्णन करताना तोच उचलला. आपण त्याचं भाषांतर केलं तेव्हा जुनाच अर्थ सोबत आला. मराठीत स्वमग्न कवी असतो, आत्ममग्न पुढारी असतो. दोघांनीही ते आपखुशीने पत्करलेलं असतं. हिंदी सरकारी कागदावर तर ‘स्वपरायणता’ आहे. मराठी माणूस ते वाचून लेकराला स्वार्थी समजेल! माझा कल असा की अर्जावर ‘स्वमग्नता’ राहू द्या, कारकुनाला तोच शब्द ओळखीचा. बोलताना सरळ ‘ऑटिझम’ म्हणावं.

आणि ‘स्पेक्ट्रम’ म्हणजे शाळेतला वर्णपट, तानापिहिनिपाजा. फिक्कट ते गडद अशी एकाच रंगाची पट्टी नव्हे. म्हणून ‘किती आहे?’ या प्रश्नाला एका आकड्यात उत्तर नसतं.

ऑटिस्टिक वाचक, अकोला जिल्हा

मी स्वतः. तिशीत कळलं. मला ‘हाय फंक्शनिंग’, म्हणजे बरंच काही जमणारा, म्हणाले. कृषी केंद्रात हिशेब लिहितो, बियाण्याच्या पिशव्यांचे लॉट नंबर मला पाठ असतात, मालक खूश. पण लग्नाच्या सीझनमध्ये गावात डीजे वाजला की मी गोठ्यात जाऊन पडतो, दुसऱ्या दिवशीही दुकानात जाता येत नाही. तेव्हा माझं फंक्शनिंग हाय की लो? ‘सौम्य’ लिहिलं की कोणी विचारत नाही, ‘तीव्र’ लिहिलं की कोणी अपेक्षा ठेवत नाही. सर, तुमचं पटलं, पण आम्हाला ‘स्वमग्नतेने ग्रस्त’ म्हणू नका एवढं बघा. ऑटिस्टिक म्हटलेलं मला चालतं. दुसऱ्या कोणाला नाही चालणार, त्याला विचारावं.

विशेष शिक्षिका

सर, वर्णपट बरोबर, पण सरकारी कचेरीतली सवलतीची खिडकी टक्क्यांच्या एकाच पट्टीवर चालते हेही खरं. 50 टक्क्यांचा तो कागद नसता तर राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेतला एक लाखापर्यंतचा आरोग्य विमाही मिळाला नसता. तेव्हा खिडकीपाशी टक्के सांगा आणि वर्गात लेकरू कसं आहे ते सांगा. बाईंना ‘लेव्हल 2’ सांगून त्या काय करणार? ‘पाणी मागताना असं म्हणतो, घंटेच्या आवाजाने कान झाकतो, पुढे काय होणार ते आधी सांगितलं की बसतो’ हे सांगितलं तर त्या काही करू शकतील.

प्रश्नकर्ता

हेडमास्तरले लिहून देतो. काय लिहू?

विशेष शिक्षिका

असं लिहा: ‘माझ्या मुलाचे प्रमाणपत्र स्वमग्नता (ऑटिझम स्पेक्ट्रम) या प्रकाराचे आहे. बौद्धिक अक्षमतेचे निदान झालेले नाही. कृपया रजिस्टर व यू-डायसमधील नोंद त्याप्रमाणे दुरुस्त करावी.’ प्रमाणपत्राची झेरॉक्स जोडा आणि पोच घ्या. यू-डायस म्हणजे शाळांची सरकारी ऑनलाइन नोंद, तिच्यात ऑटिझमचा वेगळा रकाना आहे, ‘नाही’ म्हणाले तर उघडून दाखवा म्हणा. आताच केलेलं बरं, दहावीच्या सवलतीच्या वेळी जुनी नोंद आडवी येते.

बुद्धीची चाचणीही करून घ्या, पण तिथे आधीच सांगा की घरी वऱ्हाडी बोलतो आणि बोलून उत्तर देणं त्याला जड जातं. चित्रं जुळवणं, ठोकळे लावणं अशी न बोलता करायची चाचणी मागा. पुस्तकी मराठीत विचारलेलं न कळल्याने जर गुण गेले, तर तोच ‘मतिमंद’ शब्द पुन्हा कागदावर येईल, आणि यावेळी शिक्क्यासकट.