इन्चार्ज झाले, पण मोकळेपणानं विचारायचं कुणाला?

वेंगुर्ल्याची ताई
नमस्कार. काजू कारखान्यात मी बरीच वर्षं ग्रेडिंगला होते. यंदा सीझनच्या तोंडावर शेठनी मला इन्चार्ज केलं. कामाचं काही अडत नाही. बोरम्यातला, म्हणजे गर वाळवायच्या भट्टीतला, ट्रे कधी काढायचा ते गर हातात घेतला की कळतं, 240 आणि 320 या गराच्या प्रती नजरेनं ओळखते. अडतंय ते माणसांपाशी. ज्यांच्याबरोबर दुपारचा डबा खाल्ला, त्यांचाच खाडा आता मला मांडावा लागतो. मी कटिंगला, म्हणजे बी फोडतात तिथे, गेले की गप्पा थांबतात. शेठ मुंबईला असतात, फोनवर गर किती निघाला एवढंच विचारतात. घरी बोलले तर "सोड मग" म्हणतात. मला सोडायचं नाही. माझ्यासारखी जबाबदारी असलेली माणसं कुठे शोधू?

मिरकरवाडा
ताई, मी रत्नागिरीत मासळी प्रक्रियेच्या प्लँटवर शिफ्ट सांभाळतो. माझं ऐकाल तर फक्त काजूवाल्यांत शोधू नका. शेजारचा कारखाना बी खरेदीत तुमच्यासमोर उभा असतो, तिथल्या इन्चार्जशी मोकळं बोलता येत नाही. आमच्या कोलंबी सोलणाऱ्या बायका आणि तुमचं कटिंग, प्रश्न तेच: किलोमागे दर, उचल, गणपतीची रजा.

माझी हक्काची माणसं म्हणजे एक आंबा कॅनिंगवाले, एक बर्फ कारखान्याचे मॅनेजर आणि एसटीतले एक निवृत्त कंट्रोलर. ड्यूटीवरून कुरबुर व्हायची, तेव्हा कंट्रोलरकाकांनी सांगितलं, यादी आदल्या संध्याकाळी भिंतीवर लाव आणि तोंडी बदल कुणासाठीच करू नकोस. निम्मी भांडणं तिथंच मिटली.

"मार्गदर्शन करा" म्हणून फोन करू नका, समोरचा गोंधळतो. "आधीची उचल फिटली नाही, नवीन मागतेय, तुम्ही काय करता?" असं थेट विचारा. कामगाराचं नाव मात्र घ्यायचं नाही, आपल्याकडे कुणीतरी नात्यातलं निघतंच. आणि आपणही उपयोगी पडायचं. बर्फवाल्यांचा कॉम्प्रेसर बसला तेव्हा आमचा फिटर रात्री पाठवला होता, तेव्हापासून ते माझा फोन पहिल्या रिंगला उचलतात.

1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा आम्हाला वेळ असतो. तुमचीही बी खरेदी तोवर उरकलेली असेल.

निवृत्त मुख्याध्यापिका, मालवण
बाय, दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तर 2013 च्या कायद्यानं लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती लागते. त्यात एक सदस्य बाहेरची असते, बहुतेक वेळा महिलांसाठी काम करणाऱ्या संस्थेतली. तुमच्याकडे समिती आहे का ते आधी बघ, नसेल तर शेठना सांग. त्या निमित्तानं जिल्ह्यातल्या जाणत्या बायकांची ओळख होईल. तक्रारीचा विषय मात्र समितीबाहेर काढायचा नाही.

बागायतदार, सावंतवाडी
बाहेरची माणसं जोडाच, पण आतली एक जुनी, कुणाच्या बाजूनं न बोलणारी बाई धरून ठेवा. खोलीत काय शिजतंय ते रत्नागिरीहून कळणार नाही. बियाच्या प्रतीबद्दल शंका असेल तर वेंगुर्ल्याचं फळ संशोधन केंद्र तुमच्या दारातच आहे.

वेंगुर्ल्याची ताई
सगळ्यांचे मनापासून आभार. बाई, समिती कागदावर आहे, बाहेरच्या सदस्य कोण ते उद्याच फाईलमध्ये बघते. दादा, यादी सोमवारपासून भिंतीवर लावते. जूनपर्यंत थांबता येणार नाही, उचलीचा प्रश्न आत्ताच दारात उभा आहे. संध्याकाळी सातनंतर फोन केला तर चालेल?