मदत हवी आहे: पांढऱ्या रेशनकार्डावर अँजिओप्लास्टी

नमस्कार मंडळी. आमच्या सोसायटीच्या वॉचमनकाकांना डॉक्टरांनी अँजिओप्लास्टी सांगितली आहे. विमा नाही, रेशनकार्ड पांढरं. 2023 च्या निर्णयानुसार महात्मा फुले जनआरोग्य योजना राज्यातल्या सर्व कुटुंबांसाठी, वर्षाला 5 लाखांपर्यंत. तरी योजनेतल्याच एका हॉस्पिटलातला आरोग्यमित्र (योजनेचा मदतनीस) म्हणतो, 'केशरी कार्ड आणा.' पांढऱ्या कार्डावर कुणाला मंजुरी मिळाली आहे का? कागदपत्रं कोणती लागली?

नाहीच जमलं तर धर्मादाय हॉस्पिटल बघू. तिथे 10 टक्के खाटा निर्धनांना मोफत, 10 टक्के दुर्बल घटकांना सवलतीत. उत्पन्नाचा दाखला तहसीलदाराचाच लागतो का?

'आमच्या टॅक्सवर फुकट उपचार कशाला' हा वाद कृपया नंतर घाला. साबण घेताना काकाही जीएसटी भरतातच. अनुभव असलेल्यांनी आज-उद्यात सांगा.