हजेरी आणि वॉर्ड
हजेरी कडक केली की एमबीबीएसची मुलं अभ्यासाला लागतील, हे मत अर्धंच पटतं. थिअरीला ७५ आणि प्रॅक्टिकलला ८० टक्क्यांची अट आहेच; तरी मागच्या बाकांवर नीट-पीजीचे (पदव्युत्तर प्रवेश परीक्षेचे) एमसीक्यू, म्हणजे बहुपर्यायी प्रश्न, सुटत असतात. खरी मेख वॉर्डात, म्हणजे रुग्णाजवळच्या शिकवण्यात आहे. एका खाटेभोवती पंधरा जण जमले की पुढच्या दोघातिघांनाच पोट तपासायला मिळतं, बाकीचे मोबाइल काढतात (रुग्ण वैतागतो ते वेगळंच). पाच-सहा जणांचा गट करा, प्रत्येकाला एक रुग्ण द्या. हिस्ट्री (आजाराची माहिती) त्यानेच विचारून घ्यायची, केसही त्यानेच शिक्षकापुढे मांडायची. प्लीहा (पोटात डावीकडे असणारा अवयव) हाताला लागत नसेल तर रुग्णाला उजव्या कुशीवर वळवायचं, हे शिक्षकाने तिथल्या तिथे दाखवावं. लॉगबुकवर (केलेल्या कामाच्या नोंदवहीवर) शिक्षकाच्या सह्या महिनाअखेरीस गठ्ठ्याने होणार असतील, तर मुलं एकमेकांचं उतरवूनच काढणार.