अनुभव धागा : खान्देशातले रस्ते आणि बोर्डावरचा वेग

रस्ते रुंद झाले तसा वादही वाढला. वेगमर्यादा पाळली की गाडी चालवणं खरंच सुरक्षित होतं, की नुसतं चलान वाचतं? ज्यांचं पोट रस्त्यावर आहे किंवा ज्यांचं रस्त्याशी कामाचं नातं आहे, त्यांनी लिहावं. ‘एकदा काय झालं’ छाप किस्से नकोत. किती, कसं आणि का, एवढंच. नावाची गरज नाही, काम आणि गाव पुरे.

ड्रायव्हिंग स्कूल, धुळे

आधी आकडे, कारण निम्म्या लायसनवाल्यांना ते सांगता येत नाहीत. केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर कारला १००, बसला ९०, ट्रक-टेम्पोला आणि मोटारसायकलला ८०, रिक्षाला ५०. शहराच्या हद्दीत आणि साध्या दुपदरी रस्त्यावर कारला ७०, बस-ट्रक-मोटारसायकलला ६०, रिक्षाला ५०च. ही कमाल मर्यादा झाली. राज्याला ती ठिकाणाप्रमाणे खाली आणता येते. घाटात ४० चा बोर्ड असेल तर तिथे ४०च. लाल कड्याचा गोल बोर्ड म्हणजे हुकूम, सल्ला नव्हे.

आता थांबण्याचं गणित. समोर काही दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारण दीड सेकंद जातो. ताशी ६० ला तेवढ्यात गाडी २५ मीटर पुढे गेलेली असते. पुढे चांगले टायर, कोरडा डांबरी रस्ता आणि पूर्ण दाबलेला ब्रेक धरला तर आणखी २० मीटर. म्हणजे एकूण ४५. ताशी ८० ला हेच जवळपास ६९ मीटर होतात, १०० ला जवळपास ९७. वेग दुप्पट केला की ब्रेकचं अंतर चौपट होतं, हे पाठ करून ठेवा.

शिकाऊ मुलं ‘वीसनेच तर जास्त’ म्हणतात. त्यांच्यासाठी फळ्यावर हे लिहितो : ४५ मीटरवर गाय आडवी आली. ६० वाला तिच्या पुढ्यात थांबतो. ८० वाला त्याच जागी पोहोचतो तेव्हा त्याची गाडी अजून सुमारे ६५ ने धावत असते. वीसचा फरक तिथे पासष्टचा होतो.

टायरचं दुकान, भुसावळ

आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४५ ला टेकतो आणि डांबर ६० च्या वर तापतं. टायर फुटतो तो उन्हानेच, असा समज आहे. नुसत्या उन्हाने फुटत नाही. हवा कमी, त्यात जास्त वजन, त्यात सतत मोठा वेग असं जुळून आलं की फुटतो. हवा कमी असली की प्रत्येक फेऱ्याला टायरची बाजू दुमडते आणि आतून तापते. वेग वाढला की दर मिनिटाला दुमडणंही वाढतं, आणि तापलेल्या टायरला निवायला वेळच मिळत नाही.

हवा सकाळी, गाडी निघायच्या आधी तपासा. दाराच्या चौकटीवर चिकटवलेल्या पट्टीवरचा हवेचा आकडा थंड टायरचा असतो. ३३ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरलेला टायर हायवेवरून आल्यावर ३७-३८ दाखवतो, ते बरोबरच आहे. ‘गरमीत फुटेल’ म्हणून गरम टायरातून हवा सोडणारे बरेच येतात. थंड झाल्यावर तोच टायर २८ वर बसतो आणि दुसऱ्या दिवशी खरा धोका सुरू होतो.

पावसात उलटा खेळ. रस्त्यावर पाणी साचलेलं, टायर घासलेला आणि हवा ३३ असेल तर ९५ च्या आसपास टायर पाण्यावर तरंगायला लागतो. हवा २५ असेल तर ८३ लाच. तरंगल्यावर स्टिअरिंग हलकं लागतं आणि ब्रेकला अर्थ राहत नाही. तेव्हा ब्रेक न मारता फक्त अ‍ॅक्सिलरेटर सोडायचा. नक्षी १.६ मिलिमीटरवर आली की टायर कायद्याने बाद, पण पावसाळ्याच्या तोंडावर ३ च्या खालचा टायर ठेवू नये असं माझं मत. टायरच्या बाजूवरची जन्मतारीखही वाचा : २३२१ म्हणजे २०२१ चा तेविसावा आठवडा.

केळीच्या ट्रकवर चालक, रावेर

२०१५ पासूनच्या मालवाहू गाड्यांना वेगनियंत्रक असतो, ८० ला बांधलेला. टँकर, डंपर, स्कूलबस ६० ला. वायर काढून तो बंद करणारे आहेत, आणि त्यांना काढायला लावणारे मालकही आहेत. केळी दोन दिवसांत मंडीत पाहिजे म्हणून सगळा ताण चालकाच्या पायावर येतो. हे लिहिलं पाहिजे, नाहीतर सगळं खापर ड्रायव्हरवर.

सपाटीवर ८० पाळणं अवघड नाही. खरी परीक्षा मध्य प्रदेशच्या सीमेवरचा बिजासन घाट उतरताना. ज्या गिअरमध्ये भरलेली गाडी तो घाट चढली असती, त्याच गिअरमध्ये उतरायचं. गिअर उतार सुरू व्हायच्या आधी टाकायचा, मध्यावर नाही. एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर अडवून गाडी रोखणारा) चालू. पायाचा ब्रेक थोडा वेळ घट्ट दाबून पूर्ण सोडायचा. हलका पाय सतत टेकवून ठेवला की ड्रम तापून फुगतो, लायनरची पकड जाते आणि पेडल असूनही ब्रेक नसतो.

डिझेल वाचवायला न्यूट्रल मारणं हा सगळ्यात मोठा गाढवपणा. इंजिनाचा रोध जातो. शिवाय ट्रकचा ब्रेक हवेच्या दाबावर चालतो, आणि इंजिन आयडलवर असल्याने कॉम्प्रेसर हवा हळू भरतो. ब्रेक मारून मारून टाकीतली हवा संपते, भरत मात्र नाही. मीटरवर हवा उतरताना दिसली तर बझर वाजायची वाट पाहू नका, डोंगराच्या बाजूला घ्या. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नका, तडकतो.

४ जुलै २०२३ ला शिरपूर तालुक्यातल्या पळासनेरला काय झालं ते इकडे सगळ्यांना माहीत आहे. ब्रेक गेलेला कंटेनर गाड्यांना उडवत महामार्गाच्या कडेच्या हॉटेलात घुसला. घाट तळाला संपला तरी गाडीचा वेग संपलेला नसतो. म्हणून उतारानंतरच्या सरळ रस्त्यावर ४० चा बोर्ड दिसला तर हसू नये.

दुचाकी मेकॅनिक, यावल

पहिल्या पावसानंतर ट्रॅक्टर शेतातून निघतो आणि चाकाची काळी माती डांबरावर पन्नास-शंभर मीटर पसरवत जातो. ती भिजली की साबण. मोटारसायकलने तिथे पुढचा ब्रेक दाबला की चाक गेलंच. एबीएस (चाक जाम होऊ न देणारा ब्रेक) असेल तरी पकडच नसते, काय करणार. चिखल लांबून दिसला की आधीच ३० वर या, मग ब्रेकला हात न लावता सरळ काढा. कडेला केळीचा पाला आणि मक्याची कणसं वाळत घातलेली असतील तरी तसंच.

रोज अपडाऊन करणारा, पारोळा–धुळे

माझा मुद्दा उलटा आहे. मी ८० ने चाललो की मागचा कंटेनर पाच मीटरवर येऊन अप्पर-डिपर मारतो. मर्यादा पाळणारा एकटा असला की तोच अडथळा. १०० वर सगळे असतील तर १०० सुरक्षित, असं का नाही?

रस्ते विभागातून निवृत्त, जळगाव

पारोळ्याच्या दादांच्या मुद्द्यात अर्धं तथ्य आहे. धोका नुसत्या वेगात नसून वेगांच्या फरकात असतो. पण आपल्या महामार्गावर ‘सगळे १०० वर’ कधीच नसतात. त्याच पट्ट्यात २५ ने जाणारी कापसाची ट्रॉली आहे, बैलगाडी आहे, दुभाजकाची फट दोन किलोमीटरवर म्हणून उलट्या बाजूने येणारी मोटारसायकल आहे. १०० ची कार आणि २५ ची ट्रॉली यांच्यातलं २०० मीटर अंतर दहा सेकंदांच्या आत संपतं. कारने ८० ठेवले तर तेरा सेकंद मिळतात. मर्यादेचं खरं काम हे : फरक आवळून धरणं. म्हणून ८० वाल्याने डाव्या पट्ट्यात राहावं आणि मागच्याला जाऊ द्यावं. उजवा पट्टा अडवून ८० ने जाणाराही फरक वाढवतोच.

वळणाचं सांगतो. ८० साठी आखलेल्या वळणाची त्रिज्या किमान २३० मीटरच्या आसपास असते आणि रस्त्याला आतल्या बाजूला ७ टक्क्यांपर्यंत उतार देतात. त्याच वळणावर १०० ने गेलात तर बाहेर फेकणारं बल दीडपट होतं. उंच भरलेला ट्रक घसरायच्या आधी कलंडतो. १५ फेब्रुवारी २०२१ ला किनगावजवळ पपईचा ट्रक उलटला, त्यात मालावर बसलेले मजूर दबले. उंच माल आणि त्यावर माणसं असतील तर बोर्डावरचा आकडाही जास्तच.

आणखी एक, तापीच्या काळ्या मातीबद्दल. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते, त्यामुळे वर डांबर गुळगुळीत दिसलं तरी रस्त्याला लांब लांब लाटा येतात. ६० ला कळतही नाहीत. १०० ला लाटेच्या माथ्यावर चाकावरचा भार कमी होतो, आणि नेमकं तेव्हा वळायचं किंवा थांबायचं असेल तर पकड अर्धवट मिळते. ‘रस्ता एवढा चांगला आणि मर्यादा एवढी कमी का’ याचं उत्तर बऱ्याचदा डांबराखाली असतं.

गतिरोधकांबद्दल लोक शिव्या देतात, त्या मात्र रास्त आहेत. मानकाप्रमाणे गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच हवा, तो २५ च्या वेगाने सहज ओलांडता येतो. गावात घातलेली एक फूट रुंदीची खडी-सिमेंटची वरंबी म्हणजे गतिरोधक नव्हे.

ट्रॅक्टर-ट्रॉलीवाला, चोपडा

आमच्या बाजूचंही ऐका भो. दुपदरीवर ट्रॅक्टरच्या मागे अडकलं की लोक कुठेही घुसतात. त्याहून वाईट म्हणजे ट्रकला ओव्हरटेक. ट्रक ५५ ने, तुम्ही ७० ने. ताशी १५ च्या फरकाने ट्रकची लांबी आणि दोन्हीकडची जागा मिळून ५० मीटर कापायला १२ सेकंद लागतात. तेवढ्यात तुम्ही २३० मीटर जाता आणि समोरचा ६० वाला २०० मीटर जवळ येतो. म्हणजे ४३० मीटर मोकळा रस्ता दिसला पाहिजे. चोपडा–यावल रस्त्यावर झाडं आणि वळणं पाहता तो क्वचितच दिसतो. ‘काबर घाई करस?’

ट्रॉलीवाल्यांनी काय करावं : मागे पूर्ण रुंदीला लाल परावर्तक पट्टी, दोन्ही कोपऱ्यांना. कापूस बाहेर फुगलेला असेल तर पट्टी त्याच्या टोकाला बांधा, फळीवर नाही, फळी झाकली जाते. मागचा दिवा वायर तुटल्याने बंद असतो, दर फेरीला बघा. बंद पडली तर झाडाची फांदी टाकून भागत नाही, परावर्तक त्रिकोण मागे ५० मीटरवर ठेवा.

रात्री कारवाल्यांनी एवढंच धरावं : डिपरवर ५० मीटरच्या आसपास नीट दिसतं. वर धुळेकरांनी दिलेल्या गणितात ६० ला थांबायला ४५ लागतात. पुढचं तुम्हीच काढा. चैत्रात सप्तशृंग गडाला जाणारे पायी लोक उन्हामुळे रात्रीच चालतात, आणि त्यांच्या अंगावर परावर्तक नसतो.

अपघात दाव्यांचं काम, जळगाव न्यायालय

सावधगिरीचा एक शब्द. २०२२ च्या केंद्रीय अहवालात अपघाती मृत्यूंपैकी ७१ टक्के अतिवेगाच्या खात्यावर आहेत. हा आकडा चवीपुरताच घ्या. फिर्यादीत ‘भरधाव वेगात, हयगयीने व अविचाराने’ हे शब्द जवळपास साच्यासारखे येतात, प्रत्यक्ष वेग मोजलेला नसतो. ब्रेकच्या खुणांची लांबी पंचनाम्यात आली तरच वेग काढता येतो, म्हणून ती मोजून घ्यायला सांगा. मात्र वेगाचा परिणाम खरा आहे. जागतिक आरोग्य संघटना सांगते की सरासरी वेग १ टक्का वाढला की जीवघेण्या अपघाताचा धोका ४ टक्के वाढतो. भरपाईच्या दाव्यात स्वतःचा अतिवेग सिद्ध झाला तर स्वतःच्या रकमेतून तेवढा हिस्सा कापला जातो, हेही लक्षात असू द्या.

पारोळा–धुळे, पुन्हा

डाव्या पट्ट्याचं पटलं. वेळेचाही हिशोब केला : जळगाव–धुळे ९० किलोमीटर धरले तर ८० ने ६८ मिनिटं, १०० ने ५४. तेही वाटेत एकही ट्रॅक्टर नसेल तर. एक शंका राहिली. माझ्या मीटरवर ८० आणि मोबाईलवर ७६, खरं कोणतं?

ड्रायव्हिंग स्कूल, धुळे

मोबाईल. मीटर मुद्दाम थोडा जास्त दाखवतो, कमी दाखवायची त्याला परवानगी नसते. सपाट सरळ रस्त्यावर एकाच वेगाने गाडी धरून शेजारी बसलेल्याला मोबाईल बघायला सांगा, चालवताना स्वतः नाही. मोठ्या घेराचे टायर बसवले असतील तर उलटं होतं, मीटर कमी दाखवू शकतो. २०१९ च्या जुलैनंतरची कार असेल तर ८० नंतर मधून मधून आणि १२० नंतर सतत पीं-पीं वाजते. ती कटकट वाटून बंद करून मागणारे गॅरेजवर येतात. करू नका.